स्लॅबमधलं नाणं बाहेर काढण्यापूर्वी

स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनीने नाणं तपासून, त्याचा दर्जा (ग्रेड) लेबलावर लिहून ज्यात सीलबंद केलेलं असतं तो कडक प्लॅस्टिकचा होल्डर. तो फोडण्याचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे, पण तयारीला निवांत तासभर द्या. प्लॅस्टिक कापताना नाण्याला सहसा काही होत नाही. ओरखडे पडतात ते दोन्ही भाग सुटल्यावर, नाणं निसटून कशावर तरी आपटतं किंवा तुटक्या कडेवरून घासत जातं तेव्हा. मोकळं झालेलं नाणं कशावर पडणार आणि त्याला कशाकशाचा स्पर्श होणार, हे आधी ठरवा. बाकीची तयारी त्यावरून सुचत जाते.

पण त्याआधी स्लॅब फोडायलाच हवा का, ते बघा. फक्त होल्डरवर चरे पडले असतील तर पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या नाणं नव्या होल्डरमध्ये घालून देतात. ग्रेड वाढण्याची आशा असेल तर स्लॅबसकट फेरतपासणीला पाठवण्याची सोय आहे. पीसीजीएसचे १९८०च्या दशकातले सुरुवातीचे छोटे होल्डर तर स्वतःच संग्राह्य आहेत, ते फोडणं म्हणजे हातचे पैसे घालवणं. भारतात आणखी एक अडचण आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं १९७२च्या पुरावशेष आणि कलासंपत्ती कायद्याखाली येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. व्हिक्टोरिया राणीचा रुपया इथे फोडून परत ग्रेडिंगला परदेशी पाठवू, हा बेत त्यामुळे मुळातच बाद होतो. अल्बममध्ये लावायचं असेल किंवा नाण्यावर मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकट थर दिसत असेल, तर मात्र फोडायला सबळ कारण आहे. स्लॅब फुटला की कंपनीची हमी संपते, हे धरूनच पुढे जा.

लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लेबल वाचता येईल असे. नाण्यावर आधीपासून असलेले ओरखडे भिंगातून बघून लिहून ठेवा, म्हणजे नंतर शंका राहत नाही.

नवी कॅप्सूल, म्हणजे नाणं ठेवायची गोल प्लॅस्टिकची डबी, आधीच आणून, उघडून ठेवायची. ब्रिटिश इंडियाचा रुपया सुमारे ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, कॅप्सूल त्याहून किंचित मोठी हवी. बाहेर काढलेलं नाणं हातात धरून कॅप्सूल शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

हत्यारं दोनच लागतात. फरशीवाले टाइल तोडायला वापरतात तो निप्पर आणि सहा-आठ मिलिमीटर रुंद पात्याचा चपटा स्क्रू-ड्रायव्हर. साधी पक्कड घसरते. व्हाइस नकोच, दाब वाढला की स्लॅब मधूनच फुटतो आणि मध्ये तर नाणं असतं. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, हे प्लॅस्टिक कडक असतं आणि तुकडे जोरात उडतात. लहान मुलांना खोलीबाहेर ठेवा. टेबलावर जाड टर्किश टॉवेल, त्यावर स्वच्छ मऊ सुती कापड आणि चारही कडा गुंडाळून वर आलेल्या, म्हणजे नाणं घरंगळून फरशीवर जाणार नाही. पंखा बंद करा. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात हे काम टाळलेलं बरं, निदान तांब्याच्या नाण्याचं तरी.

स्लॅबचे दोन भाग अल्ट्रासॉनिक कंपनांनी कडेला वितळवून जोडलेले असतात. तो जोड तोडायचा, मधल्या भागाला हात लावायचा नाही. लेबलाच्या बाजूचा कोपरा निप्परमध्ये तीन-चार मिलिमीटरच धरा आणि हळूहळू दाबा. कट्‌ आवाज येतो आणि प्लॅस्टिकमध्ये दुधी रेघ धावते. ती रेघ जोडाच्या कडेने गेली तर सगळं ठीक आहे. नाण्याच्या दिशेने वळली तर थांबा आणि दुसऱ्या कोपऱ्याकडून सुरुवात करा. लेबलाच्या टोकाला फट पडली की स्क्रू-ड्रायव्हरचं पातं लेबलापुरतंच आत घालून पिळा. पातं नाण्याकडे सरकवून उचकटायला गेलात तर घसरलेलं टोक थेट नाण्यावर जातं. हे सगळं कापडाला लागूनच करायचं, हात उंच धरायचा नाही.

भाग सुटले तरी नाणं बहुधा आतल्या कड्यात अडकलेलं असतं. ते पृष्ठावर बोट दाबून ढकलू नका. कडं कापडावर पालथं धरून कडेकडेने किंचित वाकवा, नाणं सुटून खाली येतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले असावेत, किंवा पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घाला. धरायचं ते फक्त कडेला, दोन बोटांत. उघड्या नाण्यासमोर बोलू नका, थुंकीच्या सूक्ष्म थेंबांचे डाग पुढे कायमचे उमटतात. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, नाण्याच्या आरशासारख्या पृष्ठावर प्लॅस्टिकचा एक कण घासला तरी चरा दिसतो, म्हणून कण पुसायचे नाहीत. कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने उडवायचे.

पीव्हीसीचा थर काढायचा असेल तर शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत. नाणं बुडवून ठेवा, चोळू नका, बाहेर काढून आपसूक सुकू द्या. खिडकी उघडी हवी. गॅस आणि देवाजवळचा दिवा बंद. ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं, तेव्हा कॅप्सूल जवळ ठेवू नका आणि नाणं पूर्ण सुकल्याशिवाय आत घालू नका. चिंच, लिंबू, पितांबरी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी उत्तम. नाण्याची मूळ झळाळी त्यांनी एकदा गेली की परत येत नाही, आणि ‘साफ केलेलं’ असा शेरा कायमचा लागतो.

कॅप्सूल बंद झाल्यावरच टेबल झाडा. लेबल कंपनीकडे परत पाठवा, म्हणजे त्यांच्या नोंदीत तेच नाणं दोनदा मोजलं जाणार नाही. पाठवायचं नसेल तर त्यावर ‘रद्द’ लिहून फोटोंबरोबर ठेवा. होल्डरचे उरलेले दोन्ही भाग निप्परने मधोमध तोडूनच कचऱ्यात टाका, अखंड राहिले तर कुणीतरी त्यात खोटं नाणं बसवून विकू शकतं.