इटालियन मोटारसायकलींचे संग्राह्य प्रिंट घेताना

इटालियन डिझायनर मासिमो तांबुरिनी यांनी रचना केलेली आणि 1994 साली विक्रीस आलेली डुकाटी 916 ही अशा प्रिंटमध्ये हमखास आढळणारी मोटारसायकल असल्यामुळे, चित्रकाराची नजर पारखण्यासाठी तीच सोयीची ठरते. तिचे मागचे चाक डाव्या बाजूच्या एकाच स्विंगआर्मवर (मागचे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यावर) बसवलेले असून दोन्ही सायलेन्सर आसनाखालून बाहेर येतात. त्यामुळे गाडीचे तोंड उजवीकडे असलेल्या चित्रात मागचे चाक पूर्ण उघडे दिसायला हवे. ते तोंड डावीकडे असताना तसे दिसत असेल, तर मूळ छायाचित्र उलटवून वापरलेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि असा प्रिंट मी तरी संग्रहासाठी घेणार नाही.

कागद आम्लविरहित, शक्यतो सुती, आणि शाई रंगद्रव्याची (पिगमेंट) आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. ‘37/200’ असा पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक 200 प्रतींपैकी 37वी प्रत दर्शवतो. मात्र तोच प्रिंट दुसऱ्या आकारात पुन्हा काढला जाणार आहे का, हेही विचारावे. चौकटीत काच प्रिंटला टेकू देऊ नये, कारण दमट हवेत, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, कागद काचेला चिकटतो. थेट ऊन पडणारी भिंत टाळावी.