पंचांग घेऊन करार लिहा

घटस्फोट घेताना मुलांबद्दलचा करार लिहायला बसाल तेव्हा जवळ पंचांग ठेवा. वकिलांच्या तयार मसुद्यात 'उन्हाळी सुट्टी निम्मी वडिलांकडे' असं असतं. माझी देवगडला हापूसची कलमं. एप्रिल-मेमध्ये पहाटे काढणी, मग रात्रीपर्यंत पेट्या. त्या दिवसांत लेक आली तर माझ्या नावावर माझ्या आईकडे राहणार. म्हणून ती सुट्टी आम्ही कणकवलीला तिच्या आईकडे ठेवली. मी दिवाळीची घेतली, शिवाय पावसाळ्यातला प्रत्येक शनिवार-रविवार.

गणपती एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. तारीख लिहू नका, ती दरवर्षी हलते. 'भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते घरचं विसर्जन' असं लिहा. शिमग्याची पालखी अंगणात येते तो दिवसही घाला. काही जमलं नाही तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे मुलांबाबतचा आदेश नंतरही बदलून मागता येतो.

दिवस ठरले की कामं लिहून काढा. आमच्याकडे खरी अडचण इथेच होती. लग्न असताना ताप, उवा, डबा, पालकसभा सगळं तिच्या आईकडे, माझ्याकडे फक्त जत्रेतली खेळणी. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं असं १९५६ चा पालकत्वाचा कायदा म्हणतो, पण बापाने जागरण करू नये असं त्यात कुठेच नाही.

वेणी घालायला मी शेजारच्या काकींकडून शिकलो. 'ह्यां काय बापयाचां काम?' म्हणत त्यांनीच रिबीन हातात दिली. आधी तेल, मग खालून गुंता सोडवत वर. वरून कंगवा ओढलात तर पोर पुन्हा केसांना हात लावू देणार नाही. बांगड्याचे काटे काढून देणं त्यापेक्षा सोपं.

दोन्ही घरी गणवेशाचा एकेक जोड ठेवा, आणि तापाच्या औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घेतलेली चिठ्ठीही. लेक नऊची आहे. माझ्या कपाटात पॅड आत्तापासून आहेत, आणि तेव्हा काय बोलायचं ते मी तिच्या आईला विचारून घेतलंय. फी आम्ही निम्मी-निम्मी भरतो. ते निरोप मुलीच्या तोंडी कधीच पाठवू नका, एकमेकांना फोन करा. शाळेत दोघांचे नंबर द्या. तिच्या शाळेत सुरुवातीला फक्त आईचाच होता. मागच्या श्रावणात तिला ताप भरला तेव्हा पहिला फोन मला आला.