कुंदा बंद, घेवडा सुरू

बेळगावात, टिळकवाडीत वाढणाऱ्या आमच्या कॉर्गी कुत्र्याचे वजन १६ किलोंवर गेले, तेव्हा पशुवैद्यांनी सांगितले की पेम्ब्रोक जातीच्या कॉर्गीचे वजन साधारण १४ किलोंच्या आत असावे, कारण आखूड पाय आणि लांब पाठ यांमुळे जादा भार थेट मणक्यावर येतो. दोष खाद्याचा नव्हता. घरातला प्रत्येक जण त्याला वेगवेगळे काही भरवत होता आणि आईंचा कुंद्याचा, म्हणजे बेळगावी दुधाच्या मिठाईचा, तुकडा तर रोजचाच होता. (कॉर्गीच्या डोळ्यांपुढे नकार देणे कठीण, हे मान्य.)

मग मी सकाळीच दिवसभराचे खाद्य काट्यावर मोजून एका डब्यात ठेवू लागलो आणि ज्याला भरवायचे असेल त्याने त्यातलेच दाणे द्यावेत, असे ठरवले. त्याखेरीजचा खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ दिला नाही: उकडलेला घेवडा, गाजर, काकडी, क्वचित बिनमिठाचे चिकन. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असल्याने शिरा, तसेच कांदा-लसणाचा रस्सा पूर्ण बंद केला. चार महिन्यांत वजन साडेतेरावर आले. आई मात्र अजून माझ्यावर रुसलेल्याच आहेत.