थंडी लागली, आता ऑर्किडला रात्रीची हवा दाखवा

कोजागरी उलटली की पुण्यात पहाटे पायाशी चादर लागते. घरातलं फॅलेनॉप्सिस वर्षभर याच दिवसांची वाट बघत असतं. फॅलेनॉप्सिस म्हणजे रुंद, जाड पानांचं आणि फुलपाखरासारख्या फुलांचं ऑर्किड, जे दिवाळीला किंवा वाढदिवसाला भेट येतं. पहिली फुलं दोन-अडीच महिने झकास टिकतात, मग एकेक करून गळतात, आणि पुढची दोन-तीन वर्षं नुसती पानं येत राहतात. मग विचारणा सुरू होते, ‘कुठलं खत घालू?’ खताचं नंतर बघू. तुमच्या रोपाला बहुधा खत कमी पडलेलं नाही. त्याला रात्र गार मिळालेली नाही आणि उजेड पुरलेला नाही.

या झाडाचं गणित तापमानावर चालतं. दिवसाचं तापमान २८ अंशांच्या वर राहिलं की फॅलेनॉप्सिस पानं वाढवतं, फुलांचा दांडा काढत नाही. दिवसा २५-२६ आणि रात्री १७-१८ अंश, असं चार ते सहा आठवडे सलग मिळालं की पानाच्या बगलेत झोपलेला डोळा जागा होतो. तैवानमधले शेतकरी सखल भागात वाढवलेली रोपं फुलोऱ्यासाठी ‘आलीशान’ पर्वतरांगेसारख्या डोंगरी भागात नेऊन ठेवत. आता बऱ्याच ठिकाणी तेच काम गार केलेल्या हरितगृहात होतं. आपल्याला निसर्गाने कार्तिक ते पौष असे अडीच-तीन महिने फुकट दिलेत. बहुतेक लोक ते खिडक्या बंद करून घालवतात.

पुणे, सातारा, कोल्हापूरकडे रोप आत्ताच पूर्वेच्या खिडकीत आणा आणि रात्री खिडकी उघडी ठेवा. पारा १३-१४ च्या खाली जाणार असेल त्या रात्री मात्र आत घ्या, कारण जास्त गारठ्याने पानांवर खोलगट डाग पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. नाशिककरांना हे सांगायला नको, निफाडचा पारा घसरला की द्राक्षवाल्यांची झोप उडते तीच रात्र ऑर्किडलाही वाईट. नागपूर-अकोल्याकडे थंडी पुरेशी असते, पण हवा कोरडी. त्याबद्दल पुढे लिहिलंय. मुंबई, रत्नागिरी, गोव्याची अडचण उलटी. तिथे खरी गार रात्र डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीअखेरपर्यंतच मिळते, म्हणून ते दिवस वाया घालवू नका, रोप रात्री ग्रिलमध्येच राहू द्या. रात्री एसीच्या खोलीत ठेवलं तर थोडी मदत होते, पण दिवसभर तीच खोली ३१ अंशांवर तापत असेल तर रात्रीच्या गारव्याचा फारसा उपयोग नाही. आणि एसीचा झोत सरळ पानांवर येऊ देऊ नका.

कुंडीत बर्फाचे खडे ठेवले की फुलं येतात, असं व्हिडिओत सांगतात. बर्फ हा पाणी मोजून देण्याचा एक प्रकार आहे, तेवढंच. दोन खड्यांनी रोपाला थंडी लागत नाही.

उजेडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. टीव्हीशेजारी, शोकेसवर, जिन्याच्या कोपऱ्यात ऑर्किड छान दिसतं आणि तिथेच ते वांझ होतं. रोपाजवळ हात धरा. सावली अजिबात पडत नसेल तर उजेड कमी आहे, कडक काळी सावली पडत असेल तर ऊन जास्त आहे. कडा पुसट, पण हात ओळखू येईल अशी सावली हवी. मोबाईलवर लक्स मोजणारं ॲप असेल तर १०,००० ते १५,००० च्या आसपास आकडा दिसायला हवा. पानंही सांगतात: गर्द काळपट हिरवी, लांबोडी पानं म्हणजे अंधार, कोवळ्या गवतासारखा पोपटी हिरवा रंग म्हणजे बरोबर, कडा लालसर-जांभळ्या झाल्या तर दोन हात मागे सरकवा.

आणखी एक. दक्षिणायनात ऊन तिरपं होतं. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या ज्या बाल्कनीत जूनमध्ये ऊन शिवत नव्हतं तिथे आता ते थेट आत येतं. पावसाळ्यात तिथे सुखात असलेलं रोप आता दुपारी भाजतं. मधे पांढरा झिरझिरीत पडदा किंवा ५० टक्क्यांची शेडनेट लावा.

पाण्यात हात आखडता ठेवा. माझं पहिलं रोप मीच बुडवून मारलं, रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घालून. ही झाडं रानात मातीत नाही, फांदीवर वाढतात. मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं, ते पाणी पटकन शोषतं आणि नंतर त्याला वारा लागतो. मूळ रुपेरी दिसलं तर पाणी द्या, हिरवं दिसलं तर थांबा. थंडीत आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरतं. पाणी सकाळीच द्या आणि पोग्यात, म्हणजे मधल्या पानांच्या खोबणीत, साचलं तर कापसाने टिपून घ्या, रात्रभर तसंच राहिलं तर मधला कोंब सडतो आणि फॅलेनॉप्सिसला वाढायला दुसरा शेंडा नसतो. भेट आलेल्या रोपाची बाहेरची चिनीमातीची कुंडी उचलून बघा. तिला तळाशी भोक नसेल तर आतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली मुळं पाण्यातच उभी असणार. बोअरचं पाणी जड असेल तर मुळांवर पांढरा थर चढतो. पावसाचं पाणी साठवून ठेवलं असेल तर ते या झाडासाठी राखा.

आता खत. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) मिळतं, ते लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून. महिन्यातून एकदा खत न घालता भरपूर साधं पाणी ओतून क्षार धुऊन काढा. ०:५२:३४ किंवा १३:४०:१३ अशी जास्त स्फुरदाची खतं घातल्याने दांडा निघतो ही समजूत पक्की आहे, पण थंडी आणि उजेड नसेल तर ही पुडी काही करू शकत नाही. ते दोन्ही असतील तर १९:१९:१९ वर काम भागतं. तांदळाचं धुवण, कांद्याच्या सालीचं पाणी, ताक, चहाचा चोथा यांच्याबद्दल माझं मत स्वच्छ आहे: ते गुलाबाला, कढीपत्त्याला घाला. ऑर्किडच्या कुंडीत माती नसते, तिथे ते नुसतं आंबतं आणि चिलटं येतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावेल. ते मूळ की दांडा, यावरून घरोघरी वाद होतात. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं. दांड्याचं टोक जरा चपटं, एका बाजूला खाच पडल्यासारखं, बोटं मिटलेल्या हातमोज्यासारखं. आठ-दहा दिवस थांबा, दांडा वर उजेडाकडे वळतो. एकदा ओळख पटली की कुंडीची दिशा बदलू नका. रोज फिरवली तर दांडा नागमोडी होतो आणि फुलं चारी दिशांना तोंडं करतात. वीतभर झाला की बांबूच्या काडीला सैल बांधा. टोक दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला साधारण तीन महिने जातात, म्हणजे महाशिवरात्र ते होळीच्या सुमारास.

कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन पिवळ्या पडतात आणि गळतात, हा सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रकार. कारणं बहुतेक घरातलीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटमाथ्याच्या पूर्वेला दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. अशा वेळी परातीत खडे पसरून पाणी घाला आणि कुंडी खड्यांवर ठेवा, पाण्यात नाही. पाहुणे येणार म्हणून रोप खिडकीतून उचलून दिवाणखान्यात ठेवलं की कळ्या गळतात. पिकलेली केळी, चिकू यांच्या शेजारी ठेवलं तरी गळतात, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. धुरातही तो असतो, म्हणून धूप-उदबत्तीपासून लांब ठेवा. पंख्याचा सरळ वाराही नको.

कोकण-गोव्यातल्या मंडळींना माझा सल्ला वेगळा आहे. फॅलेनॉप्सिसच्या मागे लागण्यापेक्षा डेन्ड्रोबियम लावा. दादरच्या फुलबाजारात जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे दांडे दिसतात, ‘सोनिया’ जातीचे, तसलं. त्याला थंडीची गरज नाही. उष्ण, दमट हवा आणि ५० टक्के सावलीची नेट मिळाली की झालं. नारळाच्या सोडणाचे तुकडे चार-पाच वेळा पाणी बदलून भिजवा, त्यातले क्षार जाऊ द्या, मग कोळसा आणि विटांचे तुकडे मिसळून लहान कुंडीत भरा. कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळा. पानं गळलेले जुने केन, म्हणजे त्याची जाड, गाठीदार खोडं, कापून टाकू नका, त्यांच्यात साठवलेलं अन्न असतं आणि त्यांना पुन्हा दांडे येतात. नोबिले प्रकारचं डेन्ड्रोबियम मात्र घाटावरचं झाड: पुणे, नाशिक, महाबळेश्वर. त्याचं खत दिवाळीनंतर बंद करा, पाणी निम्म्याहून कमी करा आणि रात्रीची थंडी खाऊ द्या. लाडाने पाणी-खत चालू ठेवलं तर कळ्यांच्या जागी केनवर छोटी रोपं फुटतात.

गावाकडे आंब्याला, ऐनाला ऑर्किड बांधलेलं दिसलं की कुणीतरी ‘बांडगूळ कशाला वाढवताय’ म्हणतंच. बांडगूळ झाडातला रस ओढतं, आमरी, म्हणजे ऑर्किड, फक्त बसायला फांदी घेते. मे-जूनमध्ये फुलणारी आपली सीतेची वेणीही त्यातलीच. पण ती रानातून ओरबाडून आणू नका. आणलेली बरीच रोपं जगत नाहीत, आणि जंगलातली एक फांदी कायमची रिकामी होते. नर्सरीत वाढवलेलं रोप घ्या.

कीड थंडी-उन्हाळ्याच्या सांध्यावर वाढते. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत आणि दांड्याच्या गाठींवर बसतो. कानकोरण्याचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, आठवड्याने पुन्हा. कळ्या असताना कडुनिंबाचं तेल फवारू नका, पाकळ्यांवर डाग पडतात. एका रोपाची कात्री दुसऱ्याला लावण्याआधी ज्योतीवर धरा, ऑर्किडचे विषाणू कात्रीवरूनही पसरतात.

फुलं गळल्यावर दांडा खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर कापला तर नवा फाटा फुटू शकतो. पुस्तकात हे चांगलं वाटतं. आपल्याकडे तो फाटा ऐन उकाड्यात येतो, फुलं बारीक येतात आणि रोप दमतं. मी दांडा बुडाजवळून कापतो आणि त्याच आठवड्यात कुंडी बदलतो: कुंडीत भरलेलं जुनं शेवाळ (मॉस) काढायचं, पोकळ-तपकिरी मुळं छाटायची, टणक ती ठेवायची, झाडाची साल किंवा सोडणाचे तुकडे भरायचे. नव्या कुंडीत पाच-सहा दिवस पाणी देऊ नका, कापलेली टोकं सुकू द्या. रोप डुगडुगत असेल तर दोन काड्यांना बांधा, नाहीतर प्रत्येक हिसक्याला नव्या मुळांची टोकं घासून मरतात.