एक घाट, एक लेन्स, बारा महिने

पहिला कॅमेरा घेतला तेव्हा सुरुवातीच्या तीन महिन्यांत मी रायगड, महाबळेश्वर, अलिबाग, जिथे म्हणून जाता आलं तिथे जाऊन आले. हजारांनी फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर लावले की सगळ्यांत तेच दिसायचं: वर पांढरंफटक आकाश, खाली काळपट माणसं आणि मधे कुठेतरी किल्ला. जागा बदलत होत्या, माझं काम आहे तिथेच होतं.

मग एका आषाढात ठरवलं, आता वर्षभर एकच जागा. घर वाईत, कृष्णेकाठचा गणपती घाट पायी दहा मिनिटांवर. दर रविवारी सकाळी एक तास घाटावर जायचं, कॅमेऱ्याला फक्त ५० मिमीची लेन्स लावायची आणि घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहायच्या. ५२ पैकी ४१ रविवार जमले. आज कुणी नव्याने फोटोग्राफीला लागलं आणि विचारलं, की मी याच वर्षाबद्दल सांगते. नोकरी सांभाळून, फार खर्च न करता असं वर्ष कुणालाही काढता येईल.

आधी लेन्सचं सांगते. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती झूम लेन्स वाईट नसते, पण ती आपल्याला पाय हलवू देत नाही. ५० मिमीला झूम नाही. पायरी हवी असेल तर दोन पायऱ्या उतरा, माणूस जवळ हवा असेल तर त्याच्याजवळ जा, त्याच्याशी बोला. माझ्यासारखा छोट्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या पट्टीचा) कॅमेरा असेल तर तीच लेन्स साधारण ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे चौकट आणखी आवळते. पहिले दोन महिने घुसमट झाली. नंतर कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट दिसायला लागली. प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभरातलं बहुतेक काम ५० मिमीवर केलं, हे मी वाचलं होतं. त्याचा अर्थ घाटावर कळला.

आता उजेडाचं. शाळेत उत्तरायण-दक्षिणायन पाठ केलं होतं, पण ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे जून ते डिसेंबर या काळात सूर्य उगवण्याची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते. जूनमध्ये जे कोवळं ऊन घाटावरच्या देवळाच्या एका अंगाला लागतं, ते डिसेंबरात भलतीकडूनच येतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे बारा वाजताही पायऱ्यांच्या कडांना सावली असते आणि दगडाचा पोत दिसतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य थेट डोक्यावर येतो. माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी उरतात. उन्हाळ्यात माणसांचे फोटो साडेआठच्या आत आटपा, किंवा त्यांना देवळाच्या ओवरीत, सावलीच्या काठावर बसवा. समोरच्या फरशीवरून उडालेला उजेड चेहऱ्यावर फार मऊ पडतो.

या वर्षात सर्वांत जास्त शिकवलं ते काळ्या दगडाने. घाटाच्या पायऱ्या काळ्या पाषाणाच्या. त्यावर पांढरी साडी वाळत घातलेली, शेजारी पांढऱ्या धोतरातले आजोबा. फोटो काढला की कधी साडी राखाडी यायची, कधी दगड राखाडी व्हायचा. दोष कॅमेऱ्याचा वाटायचा. खरं कारण असं, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर काय आहे हे ओळखत नाही. चौकटीतला उजेड सरासरीने मध्यम राखाडी यावा, एवढंच तो पाहतो. चौकट साडीने भरली तर तो फोटो अंधारा करतो, ओल्या काळ्या दगडाने भरली तर उजळ करतो. म्हणून पांढरं जास्त असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा अंधारा करायची सोय) +१ कडे न्यायचं, काळं जास्त असेल तर −१ कडे. हे पुस्तकात एका ओळीत असतं. मला ते हातात बसायला अकरा रविवार लागले, वहीत नोंद आहे. एकच गोष्ट सलग इतके दिवस केली म्हणूनच ते बसलं. घरी करून पाहायचं असेल तर पांढरा टॉवेल आणि काळी छत्री घ्या, दोन्ही चौकटभर टिपा आणि स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा. दोन्ही राखाडी दिसतील.

घाटावर एक मावशी रोज धुणं धुवायला येतात. पहिल्या महिन्यात मी लांबून, लपून त्यांचे फोटो काढत होते. एके दिवशी त्यांनीच विचारलं, "रोज काय काढतीस गं? दाखव की." दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "ह्यात मी कुठाय? नुसती पाठ." खरं होतं. पुढच्या रविवारी विचारून समोर बसले, त्यांच्याच पायरीवर, डोळ्यांच्या उंचीवर. पिळलेल्या लुगड्यातून पाणी निथळत होतं, शटर १/५०० ठेवलं, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच उघडं, तेव्हा थेंब सुटे सुटे आले. त्या फोटोची प्रिंट काढून दिली. मावशींनी ती साडीच्या पदराने पुसली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ स्वतःचे हात बघत राहिल्या. तेव्हापासून मी दर महिन्याच्या फोटोंतून दहा निवडते आणि त्यांतल्या दोन-तीनची प्रिंट काढून ज्याची त्याला देते. स्क्रीनवर खपून गेलेली चूक कागदावर लगेच दिसते, आणि पुढच्या वेळी माणसं आपणहून बोलावतात. लपून काढलेले फोटो मी आता ठेवत नाही. माणसांना विचारून फोटो काढा, हे मी प्रत्येक नवख्याला अगदी कळकळीने सांगते.

पावसाळ्यात माझं एक नुकसान झालं, ते इतर कुणाचं होऊ नये. ओला कॅमेरा पुसून तसाच बॅगेत ठेवला आणि बॅग कपाटात. दोन महिन्यांनी लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलेली. साफ करून घेतली, पण आतल्या काचेवरचा डाग राहिलाच. आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवते. काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की निर्धास्त. सिलिका जेल ओलं झालं की तापवून पुन्हा वापरता येतं. नवीन लेन्सचे पैसे साठवण्याआधी हा डबा घ्या.

घाट सोडून वर्षात दोनदाच मुद्दाम बाहेर गेले. सप्टेंबरात कासला आणि जानेवारीत भिगवणला.

कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं, तेव्हापासून गर्दी वाढली. तिथे सगळे उभ्याने फुलांचा गालिचा टिपतात. मी पायवाटेच्या कडेला पोटावर झोपले. सीतेची आसवं ही जांभळी फुलं नखाएवढी असतात, त्यांच्या पातळीवर गेल्याशिवाय दिसतच नाहीत. वारा सतत असतो, म्हणून शटर १/२५० पेक्षा संथ नको. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा, कडक उन्हात जांभळा रंग फिका पडतो. चांगल्या कोनासाठी फुलांत पाय मात्र टाकू नका. तुडवलेला तुकडा त्या वर्षी पुन्हा फुलत नाही.

भिगवणला, उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला गेले ते भाड्याची मोठी लेन्स घेऊन. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० शटर आणि फोकस डोळ्यावर, ही तयारी करून गेले होते. थवा माना खाली घालून चिखलातलं खात होता. नावाड्याला म्हटलं, "अजून जवळ घ्या ना." तो वल्हं थांबवून म्हणाला, "ताई, त्यांना खाऊ द्या की." मी गप्प बसले. अर्धा तास नाव हलली नाही. मग थव्यातले काही पक्षी खात खात स्वतःच आमच्या बाजूला सरकले. त्या दिवशीचे चांगले फोटो त्या अर्ध्या तासानंतरचे आहेत.

दिवाळीचं थोडक्यात. पणत्यांना फ्लॅश मारू नका. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा कठड्यावर ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १००, शटर दोन सेकंद आणि सेल्फ टायमर. आकाशात थोडी निळाई असेपर्यंतच, दिवेलागणीनंतरच्या वीस मिनिटांत काढा. नंतर नुसता काळोख येतो.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, पण एडिटिंग महिनाभर थांबवून करा. ताज्या फोटोवर आपला जीव असतो, तो निवळल्यावर निवड बरी होते.

घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं, पेशवाईतले सरदार रास्ते यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्हीकडे दुभंगावं म्हणून. लहानपणापासून ऐकत आले होते. पहिल्या आषाढात पूर आला तेव्हा मी १/१००० ने फोटो काढले. पाणी गोठल्यासारखं आलं, भिंत काय करते ते दिसलंच नाही.

पुढच्या आषाढात धोम धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली. मी लांबच्या, उंच जागी सुरक्षित उभी राहिले, छत्री मैत्रिणीने धरली. कॅमेरा कठड्यावर टेकवला. आभाळ भरलेलं, संध्याकाळचे साडेसहा. आयएसओ १००, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) एफ/११, शटर अर्धा सेकंद, एक्सपोजर −१, कारण दगड काळा आणि ओला. सतरा फोटो काढले. सोळा हलले. सतराव्यात भिंत दगडासारखी ठाम आहे आणि मातकट पाण्याचे दोन पट्टे तिच्या दोन्ही अंगांनी रेशमासारखे निघून जातात. त्याची प्रिंट मावशींना दिली. त्यांची पायरी त्या फोटोत पाण्याखाली आहे, पण नेमकी कुठे ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं.