हरभऱ्यातली घाटेअळी: फवारणीआधी पाखरांना बोलवा

हरभरा पेरून महिना होत आला की शेतात पक्षी थांबे, म्हणजे पाखरांना बसायला काठ्या, उभे करा. फुलोऱ्याची वाट पाहत बसू नका. घाटेअळीचा मादी पतंग कोवळ्या पानांवर, कळ्यांवर एकेक सुटं अंडं घालतो, त्यामुळे फुलं दिसायच्या आतच लहान अळ्या पानांवर आलेल्या असतात. त्या पानातलं हिरवं खरवडतात आणि पान पांढुरकं पडतं. मोठी झालेली अळी घाट्याला भोक पाडते, डोकं आत खुपसते आणि अर्धं अंग बाहेर ठेवून दाणा खाते. अशी एक अळी 30 ते 40 घाटे पोकळ करते. मात्र हेच बाहेर राहिलेलं अंग साळुंकीच्या, कोतवालाच्या, नीळकंठाच्या नजरेत भरतं. टेहळणीसाठी त्यांना उंच जागा लागते आणि सपाट हरभऱ्यात नेमकी तीच नसते.

एकरी 20 थांबे पुरेत. बांबूच्या काठीवर आडवी काटकी घट्ट बांधा आणि थांबा पिकाच्या वर फूट-दीड फूट राहील असा रोवा. तुराटी, पऱ्हाटी किंवा बाभळीची वाळकी फांदीही चालते, उलट खरबरीत फांदीवर पाखराचा पाय चांगला ठरतो. पेरतानाच हरभऱ्यात थोडी ज्वारी विरळ टाकली असेल तर तीच ताटं जिवंत थांबे होतात. गायबगळ्याला थांबा लागत नाही, तो सऱ्यांमधून चालत अळ्या टिपतो.

पाखरांना शेताची सवय लागावी म्हणून सुरुवातीला सकाळी थांब्यांखाली मूठभर बिनमिठाचे मुरमुरे किंवा शिजवलेला भात टाका. पाखरं नियमित येऊ लागली की हे बंद करा, नाहीतर ती आयत्या खाण्यावरच राहतील. बीजप्रक्रिया केलेलं उरलंसुरलं बियाणं चुकूनही टाकू नका, ते विष आहे. थांब्याखाली विष्ठा दिसत नसेल तर तो थांबा उपटून बांधाकडे, झाडाच्या जवळ लावा.

सोबत हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) असू द्या. सलग दोन-तीन रात्री सापळ्यात 8 ते 10 पतंग सापडले, किंवा एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, की उपाय करावा लागतो. अळ्या लहान असताना 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यानंतर एच.ए.एन.पी.व्ही. हे विषाणूजन्य औषध हेक्टरी 250 एल.ई. (या औषधातल्या विषाणूचं माप) या प्रमाणात संध्याकाळी फवारा, कारण उन्हात त्याचा जोर जातो. या औषधाने मेलेल्या अळ्या शेंड्याला उलट्या लोंबतात. पाखरं त्या खातात, त्यांना काही अपाय होत नाही, आणि त्यांच्या विष्ठेतून विषाणू शेतात आणखी पसरतो. जहाल रासायनिक औषधाने मात्र अळ्यांबरोबर ही पाखरंही जातात. म्हणून ते अगदी शेवटी, शिफारस असेल तेच आणि तेवढंच.

बांधाकडेही लक्ष द्या, खरं काम तिथेच आहे. साळुंकी, नीळकंठ, पिंगळा ही पाखरं झाडाच्या ढोलीत घरटं करतात, आणि आपण जुनं पोकळ झाड निरुपयोगी समजून आधी तोडतो. ते राहू द्या. बाभूळ, बोर, कडुनिंब ठेवा आणि उन्हाळ्यात बांध पेटवू नका. विहिरीजवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवा.

रात्री याच थांब्यांवर पिंगळा आणि गव्हाणी घुबड बसतात आणि उंदीर मारतात. घुबड अशुभ म्हणून त्याला हुसकावू नका. त्याला पकडणं-मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घुबडांचा वावर असेल तिथे उंदरांसाठी विषारी आमिषही टाळा, विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो.

शेजारच्या वावरात रब्बी ज्वारी असेल तर तिचा दाणा दुधात येताच त्या बाजूचे थांबे काढून घ्या, नाहीतर पाखरं तो दाणा खातील. बाकीचे हरभरा काढणीपर्यंत राहू द्या.