मद्यपान आणि एचआयव्हीची जोखीम: कोकणातील महिलांना मोबाइलवरून साथ देताना

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरांवर मासळी निवडणाऱ्या, लिलावात पाटी उचलणाऱ्या किंवा हंगामात आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांपैकी काही जणी दारू पितात, हे वाडीत सर्वांना ठाऊक असते. मात्र बाई पिते म्हटले की बोलणे लगेच तिच्या चारित्र्यावर येते, त्यामुळे आरोग्य केंद्रात ती हा विषय स्वतःहून काढत नाही. आशा ताई, समुपदेशक किंवा बचतगटातील जाणत्या बाईने फोनवरून तिच्याशी संपर्क ठेवला, तर दवाखान्याच्या रांगेत न होणारे बोलणे होऊ शकते. त्याआधी एक अडचण सोडवावी लागते: तो फोन बहुधा तिच्या एकटीचा नसतो.

म्हणून पहिली भेट प्रत्यक्षच घ्यावी आणि त्या भेटीत दारूच्याही आधी फोनविषयी विचारावे. फोन रात्री कोणाजवळ असतो, मुलगा त्यावर खेळतो का, कॉल आपोआप रेकॉर्ड होतो का, आलेला संदेश पडदा बंद असतानाही वरून दिसतो का, आणि तिच्या घराजवळ रेंज येते की त्यासाठी पाणंदीच्या वरच्या टोकाला जावे लागते, हे सर्व नोंदवावे. ट्रूकॉलरवर आपला नंबर कोणत्या नावाने दिसतो, हेही तपासावे. लोकांनी ‘एड्सवाली बाई’ म्हणून तो जतन केला असेल, तर घंटा वाजताच सगळे उघड होते. शक्य असल्यास या कामासाठी वेगळे सिम ठेवावे.

त्यानंतर दोघींनी मिळून खूण ठरवावी. ‘काकी, उद्या बाजारात येतस काय?’ असा संदेश कोणीही वाचला तरी काही बिघडत नाही. तिने ‘येतंय’ असे उत्तर दिले की फोन करावा, उत्तर आले नाही तर थांबावे. दुसऱ्या कोणी फोन उचलल्यास काय सांगायचे, तेही आधीच ठरलेले असावे. बचतगटाच्या हप्त्याचे निमित्त बहुधा चालते, पण ती गटात असेल तरच. संदेशात दारू, एचआयव्ही, तपासणी, गोळ्या हे शब्द कधीही लिहू नयेत. व्हॉट्सॲप वापरायचेच असल्यास संदेश 24 तासांत नाहीसे होण्याची सोय सुरू करावी आणि अशा महिलांचा ग्रुप मुळीच करू नये.

पिण्याविषयी विचारताना जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या 10 प्रश्नांच्या चाचणीतील पहिले तीन प्रश्न पुरतात: किती वेळा पिता, त्या दिवशी साधारण किती पिता, आणि एका बैठकीत सहा किंवा अधिक प्रमाण कितीदा होते. या तिन्हींचे मिळून 12 गुण असतात आणि बाईच्या बाबतीत 3 किंवा अधिक गुण आल्यास पुढे बोलणे आवश्यक ठरते. एक प्रमाण म्हणजे सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, अर्थात 30 मिलिलिटर व्हिस्की किंवा रम. त्या हिशेबाने एका क्वार्टरमध्ये (180 मिलिलिटर) 6 प्रमाणे होतात आणि स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत सुमारे 4. हातभट्टीची तीव्रता दर खेपेला वेगळी असल्याने तेथे हे गणित लागू पडत नाही. ग्लास किती आणि पैसे किती, एवढेच विचारावे. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने पुरुषाइतकीच दारू तिला अधिक चढते, हे तिला सांगावे. गरोदरपणात सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही.

दारू आणि एचआयव्ही हे विषय वेगळे ठेवता येत नाहीत. दारूमुळे एचआयव्ही होत नाही, पण नशेत निरोध राहून जातो, नकार देण्याची ताकद उरत नाही आणि एचआयव्हीवरील उपचाराच्या (एआरटीच्या) गोळ्या चालू असतील तर त्या चुकतात. त्यात मारझोड मिसळलेली असते. दक्षिण आफ्रिकेत राबवलेल्या ‘विमेन्स हेल्थ को-ऑप’ या कार्यक्रमात नशा, लैंगिक जोखीम आणि हिंसा यांवर एकत्रच काम केले जाते, आणि ते मला योग्य वाटते. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून दारूविषयीच्या समुपदेशनाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशनाचा उपयोग झाला, परंतु त्या चाचणीतील सर्व 377 जण पुरुष होते. त्यामुळे तेथील पद्धत उचलताना बायकांच्या अडचणी आपल्यालाच जोडाव्या लागतात.

आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांचा एक फोन पुरे. नवरा समुद्रावर असताना किंवा ती लिलावाला निघण्यापूर्वीची वेळ सोयीची असते, मात्र ती वेळ तिनेच सांगावी. प्रारंभी ती बोलू शकते का एवढेच विचारावे, म्हणजे तिला हो किंवा नाही म्हणून निभावता येते. मग गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी प्यायली नाही आणि त्या दिवशी काय वेगळे होते, याकडे वळावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात, तेथेच न पिण्याच्या दिवसाला एक बारीक टिंब द्यायला सांगावे. कोणाच्या लक्षातही येत नाही. कंबरदुखीसाठी पिते, थंडी-पावसात उभे राहवत नाही म्हणून पिते, झोपेसाठी पिते, अशी कारणे आली तर त्या दुखण्यावर आधी उपाय शोधावा. उपदेश केला की पुढचा फोन उचलला जात नाही.

रोज सकाळपासून पिणाऱ्या बाईला मात्र ‘उद्यापासून बंद कर’ असे फोनवरून कधीही सांगू नये. एकदम थांबल्यावर हात थरथरणे, घाम, झोप उडणे आणि क्वचित पहिल्या दोन-चार दिवसांत झटके किंवा भास होऊ शकतात, आणि ते जीवावर बेतू शकते. तिला डॉक्टरांकडे न्यावे. झटका आला तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एचआयव्हीच्या बाबतीत शासकीय रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत आणि गोपनीय असते. गावच्या ओळखीमुळे जवळच्या केंद्रात जायला संकोच वाटत असेल, तर तिने दुसऱ्या तालुक्यात गेले तरी चालते. चाकरमानी नवरा गणपतीला किंवा शिमग्याला येणार असेल, तर निरोधाविषयीचे बोलणे त्याआधी करावे (मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहावे, असा याचा अर्थ नाही). नशेत किंवा जबरदस्तीने असुरक्षित संबंध झाल्यास 72 तासांच्या आत, आणि खरे तर शक्य तितक्या लवकर, जिल्हा रुग्णालय गाठावे; डॉक्टरांना गरज वाटल्यास संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या 28 दिवसांसाठी सुरू करतात. हा 72 तासांचा हिशेब तिला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावा, कारण त्या रात्री ती आपल्याला फोन करीलच असे नाही.

तिच्याकडे पाच क्रमांक असावेत: एचआयव्हीसाठी 1097, मानसिक आधारासाठी 14416, व्यसनमुक्तीसाठी 14446, महिला हेल्पलाइन 181 आणि तातडीसाठी 112. ते नावासकट जतन न करता पाठ करून घ्यावेत आणि लावल्यावर कॉलची नोंद पुसावी. तिच्या तपासणीचा निकाल नवऱ्याला, सासूला किंवा गटाच्या अध्यक्षांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने ही गोपनीयता बंधनकारक केली आहे.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पुरुष घरी असतात, हातात पैसा नसतो आणि फोनही तिच्या हाती क्वचितच येतो. त्या दोन महिन्यांसाठी भेटीची जागा मे महिन्यातच ठरवावी: रेशन दुकान, लसीकरणाचा दिवस किंवा देवळातले भजन. ओळीने तीन आठवडे उत्तर आले नाही, तर रजिस्टर घेऊन तिच्या दारात उभे राहू नये. पिशवी घेऊन बाजारात जावे, तिच्यासमोर बसून बांगडा मासळीचा भाव करावा आणि तिने पाहिले की घरी परतावे.